मालाबद्दल तक्रार असलेल्या थकीत बिलांसाठी एनसीएलटीचा मार्ग घ्यावा का?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझे उत्तर कोणत्या परिस्थितीला लागू आहे हे स्पष्ट राहील. शिरोली एमआयडीसीतील आपली फाउंड्री एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कास्टिंग पुरवते. गेल्या चौदा महिन्यांतील बिलांपोटी त्या कंपनीकडून 1 कोटी 38 लाख रुपये येणे आहे. त्यांपैकी दोन लॉटमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतकामात धातूत राहिलेल्या पोकळ्या, निघाल्याची तक्रार कंपनीने ई-मेलने केली आणि पुढे 21 लाखांची डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या देण्यातून कापत असल्याचा कागद, काढली. ती आपण मान्य केलेली नाही. आता आपल्या सल्लागारांनी सुचवले आहे की नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 खाली नोटीस द्यावी, म्हणजे दहा दिवसांत पैसे येतील. हे कितपत खरे आहे, आणि त्या दोन लॉटच्या तक्रारीमुळे सगळीच रक्कम अडकेल का, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यात वकिली करतो आणि 2017 पासून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, मुंबई खंडपीठासमोर अशी प्रकरणे चालवत आलो आहे. कधी पुरवठादाराच्या बाजूने, तर कधी ज्या कंपनीविरुद्ध अर्ज झाला तिच्या बाजूने. दोन्हीकडून उभे राहिल्यामुळे माझे मत असे झाले आहे की नोटीस पाठवावी की नाही हा नंतरचा प्रश्न आहे. त्याआधी हे पाहावे लागते की नोटीस कंपनीच्या हाती पडेल त्याच्या आदल्या दिवसापर्यंत दोघांमधील पत्रव्यवहारात कोणत्या बिलाबद्दल नेमके काय लिहिले गेले आहे. आपली खरी अडचण तिथे आहे.

कायद्याची रचना तशी सोपी आहे. माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धनकोला संहितेत ऑपरेशनल क्रेडिटर म्हणतात. त्याने कलम 8 खाली मागणीची नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून दहा दिवसांत कंपनीने एक तर पैसे द्यायचे किंवा या रकमेबाबत आधीपासून वाद आहे असे कळवायचे. दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर कलम 9 खाली एनसीएलटीकडे अर्ज करता येतो. उत्तरच आले नाही म्हणजे आपण जिंकलो असे मात्र नाही, कारण कंपनी पुढे सुनावणीतही जुना पत्रव्यवहार दाखवू शकते.

मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 21 सप्टेंबर 2017 रोजी जो निकाल दिला, तो या विषयाचा पाया आहे. वादात शेवटी कोण खरे ठरेल हे एनसीएलटीने ठरवायचे नसते. तिने इतकेच पाहायचे असते की वाद नोटिशीच्या आधीचा आहे का आणि तो नुसता पोकळ किंवा कल्पित तर नाही ना. दाणे आणि भुसा वेगळे करायचे, पण दाणे किती कसदार आहेत याची परीक्षा करायची नाही, असे मी माझ्या अशिलांना सांगतो. ऑक्टोबर 2022 मधील राजरतन बाबूलाल अगरवाल विरुद्ध सोलारटेक्स हा निकाल तर आपल्या परिस्थितीच्या अगदी जवळचा आहे. तिथे कोळशाचा पुरवठा होता आणि खरेदीदाराने नोटिशीच्या आधीच कोळशाच्या दर्जाबद्दल ई-मेलने तक्रार केलेली होती. एनसीएलटीने आणि नंतर अपील न्यायाधिकरणानेही पुरवठादाराचा अर्ज मान्य केला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. दर्जाबद्दलची जुनी, लेखी तक्रार हलक्यात घेता येत नाही, असा माझ्यापुरता मी त्याचा अर्थ घेतला आहे.

आता आपल्या आकड्यांकडे येऊ. 24 मार्च 2020 पासून अशा अर्जासाठी किमान थकबाकी 1 कोटी रुपये असावी लागते; त्याआधी ही मर्यादा 1 लाख होती. आपल्या 1 कोटी 38 लाखांतून डेबिट नोटचे 21 लाख वजा केले, तर 1 कोटी 17 लाख उरतात, म्हणजे वादाची रक्कम बाजूला ठेवूनही आपण मर्यादेच्या वर आहात. कागदावर हे चांगले दिसते, पण 17 लाखांचे हे अंतर फार मोठे नाही आणि ते टिकेल का, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या ई-मेलची भाषा. त्यात लॉट क्रमांक, हीट क्रमांक (धातूच्या कोणत्या वितळणीतून नग ओतले तो क्रमांक), नगांची संख्या आणि नाकारलेल्या नगांचा हिशेब दिला असेल, तर तक्रार त्या दोन लॉटपुरती आहे असे ठामपणे म्हणता येते. पण त्याच ई-मेलच्या शेवटी कोणी असे लिहून ठेवले असेल की 'आपल्या मालाचा दर्जा सातत्याने घसरत असल्यामुळे पुढील सर्व पेमेंट थांबवत आहोत', तर त्या एका वाक्याने वाद संपूर्ण खात्याला जाऊन चिकटतो. खरेदी विभागातील माणसे अशी वाक्ये सवयीने लिहितात आणि पुरवठादार ती वाचून सोडून देतो, उत्तर देत नाही. आपण त्या वेळी काय उत्तर दिले होते हेही मला पाहावे लागेल. दुसरी गोष्ट खात्याची. आपले बहुतेक उद्योजक चालू खात्यावर काम करतात; ग्राहक एखाद्या महिन्यात 10 लाख पाठवतो आणि ते कोणत्या बिलापोटी आहेत हे दोघेही लिहीत नाहीत. अशा वेळी कोणते बिल फिटले आणि कोणते राहिले यावरूनच नवा वाद उभा करता येतो. तिसरी गोष्ट व्याजाची. रक्कम 1 कोटीच्या वर राहावी म्हणून बिलाच्या तळाशी छापलेले 24 टक्के व्याज मिळवण्याचा मोह होतो. पर्चेस ऑर्डरमध्ये किंवा करारात व्याजाची अट नसेल, तर तो मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मर्यादा मूळ रकमेनेच गाठली जात असेल तरच या वाटेला जावे.

अंशतः वाद असलेल्या रकमांबाबत सर्व खंडपीठांचे निर्णय एकसारखे आलेले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाद नसलेला भाग मर्यादेच्या वर असेल तर अर्ज चालू शकतो, असे मानणारे आदेश आहेत. त्याचबरोबर, व्यवहार एकच आहे आणि तो विवादित आहे, असे म्हणून पूर्ण अर्ज फेटाळणारेही आहेत. म्हणून अशा प्रकरणात मी नोटीस फक्त वाद नसलेल्या बिलांचीच काढतो, बिलागणिक तक्ता जोडतो, आणि डेबिट नोटच्या 21 लाखांचा उल्लेख लपवून न ठेवता 'ही रक्कम या नोटिशीत मागितलेली नाही, तिच्याबाबतचे आमचे हक्क राखून ठेवले आहेत' असे स्वच्छ लिहितो.

हा धडा मला 2019 मधील एका प्रकरणाने शिकवला. पॅकेजिंगचा माल पुरवणाऱ्या माझ्या अशिलाने बिले, चलने आणि खातेउतारा आणून दिला. कंपनीच्या स्टोअरमधून दर्जाबद्दल आलेले ई-मेल मात्र 'त्यात काही विशेष नाही' म्हणून दाखवलेच नाहीत, आणि मीही पुरेशा आग्रहाने मागितले नाहीत. ते ई-मेल मी पहिल्यांदा समोरच्या प्रतिज्ञापत्राला जोडलेले पाहिले. अर्ज फेटाळला गेला आणि सव्वा वर्ष वाया गेले. त्याहून वाईट म्हणजे, ज्या बिलांबद्दल कधीच तक्रार नव्हती तीही त्या गोंधळात संशयास्पद ठरली. तेव्हापासून मी अशिलाकडून पूर्ण मेलबॉक्स आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण मागतो, आणि समोरच्याचा वकील ज्या नजरेने वाचेल त्याच नजरेने आधी स्वतः वाचतो. आपणही नोटिशीचा विचार करण्यापूर्वी एक पूर्ण दिवस याला द्यावा.

वाचताना आपल्या बाजूचे कागदही शोधावेत. कंपनीच्या गेटवरील शिक्क्याची चलने आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीने केलेली नोंद, तर हवेतच. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 42 प्रमाणे वाजवी मुदत उलटूनही खरेदीदाराने माल नाकारल्याचे न कळवता तो ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. कास्टिंगच्या बाबतीत तर ते मशीनिंग होऊन असेंब्लीत गेले असेल, तर 'माल नाकारला' हे म्हणणे टिकणे कठीण जाते. नुकसानभरपाईची मागणी मात्र त्यांना तरीही करता येते. कंपनीने आपल्या बिलांवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतले असेल, तर तोही उपयोगी पुरावा आहे. शिवाय बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तिला ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते, हे तिच्या लेखा विभागाला एका सभ्य पत्राने आठवून देण्यास हरकत नाही. वर्षअखेरीस ऑडिटसाठी त्यांनी सही करून पाठवलेले बाकी-पडताळणीचे पत्र मिळाले, तर त्याची किंमत फार मोठी आहे. डेबिट नोटची तारीखही तपासा. माल पोहोचल्यावर सात महिन्यांनी, तेही आपण पैशांचा तगादा लावल्यानंतर निघालेली डेबिट नोट आणि माल पोहोचल्यावर दहाव्या दिवशी फोटोंसह आलेली तक्रार यांचे वजन सारखे नसते.

आता पुढच्या पायरीकडे वळतो, कारण तिचा विचार न करता अनेक पुरवठादार या वाटेवर पाऊल टाकतात. समजा, नोटीस गेली, दहा दिवस उलटले, अर्ज दाखल झाला आणि तो स्वीकारलाही गेला. त्या क्षणापासून ते प्रकरण आपले राहत नाही. कंपनीचा कारभार संचालकांकडून काढून अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे एनसीएलटीने नेमलेल्या व्यावसायिकाकडे, जातो, तिच्याविरुद्धचे दावे आणि वसुली कलम 14 खाली थांबते, आणि धनकोंची समिती बसते. त्या समितीत बँका आणि वित्तसंस्था असतात. पुरवठादाराला मत नसते. सर्व ऑपरेशनल क्रेडिटरांची मिळून थकबाकी एकूण कर्जाच्या निदान 10 टक्के असेल, तर त्यांच्या एका प्रतिनिधीला बैठकीस बसता येते, पण मत तेव्हाही मिळत नाही. सुरुवातीचा खर्च अर्जदारानेच भरायचा असतो. माझ्या अनुभवात त्यासाठी काही लाख रुपये जमा करण्याचा आदेश होतो आणि ते परत मिळणे समितीच्या मान्यतेवर अवलंबून राहते. समितीची स्थापना झाल्यावर कंपनीने आपले पूर्ण पैसे देऊ केले, तरी अर्ज मागे घेण्यासाठी कलम 12अ प्रमाणे समितीतील 90 टक्के मतांची संमती लागते. शेवटी कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली, तर कलम 53 च्या क्रमवारीत प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारणधारक बँका, इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको, सरकारी देणी, आणि त्यानंतर आपण. एवढ्या खाली पैसा पोहोचतो अशी प्रकरणे मी फार थोडी पाहिली आहेत.

तरीही आपल्या सल्लागारांचे म्हणणे अगदी निराधार नाही. कंपनी चालती असेल, तिच्या बँकेकडील कर्जमर्यादांचे नूतनीकरण व्हायचे असेल, आणि थकबाकीचे कारण निव्वळ टाळाटाळ असेल, तर कलम 8 च्या नोटिशीनंतर नवव्या दिवशी पैसे आलेले मी स्वतः पाहिले आहेत. कारभार हातातून जाण्याची भीती संचालकांना खरीच वाटते. पण ही भीती तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा कंपनीकडे पैसे आहेत आणि दाखवायला वाद नाही. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर नोटीस हाती पडताच तिचा वकील मागचे सगळे ई-मेल गोळा करतो, आणि आजवर ढिसाळ असलेली तक्रार दहा दिवसांत व्यवस्थित उत्तराच्या रूपात आपल्यासमोर येते. संहिता ही वसुली न्यायालयाला पर्याय नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आंध्र प्रदेशच्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कपटाने किंवा वेगळ्याच हेतूने केलेल्या अर्जाला कलम 65 खाली 1 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपला हेतू तसा नाही, पण नोटिशीत 'पैसे न दिल्यास कंपनी बुडवू' अशा अर्थाची भाषा कोणी घालू पाहत असेल, तर ती काढून टाकायला सांगा.

आपली फाउंड्री उद्यम या सरकारी नोंदणी पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर विवादित भागासाठी माझ्या मते खरी वाट एमएसएमई विकास अधिनियम, 2006 ची आहे. 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा 100 कोटी झाली आहे, त्यामुळे बहुतेक फाउंड्रींना तिथे जागा आहे. मध्यम उद्योगांना मात्र थकबाकीविषयीच्या या तरतुदी लागू होत नाहीत. या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला, आणि कोणत्याही परिस्थितीत स्वीकृतीपासून 45 दिवसांच्या आत, पैसे द्यायचे असतात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने इथली स्वीकृतीची व्याख्या पाहण्यासारखी आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी आक्षेप आला नाही, तर पुरवठ्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. तेव्हा ब्लो होलचे ते दोन ई-मेल 15 दिवसांच्या आतले आहेत की नंतरचे, हे आधी पाहा. उशीर झाल्यास कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. फेब्रुवारी 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर 20.25 टक्के. खरेदीदार देशात कुठेही असला, तरी अर्ज आपल्या भागातील सुविधा परिषदेकडे, म्हणजे या कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसल्यास लवाद. लवादाचा निवाडा आपल्या बाजूने गेला आणि कंपनीला त्याला आव्हान द्यायचे असेल, तर तिला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

या मार्गाने वेळ लागतो. कायद्यात 90 दिवस लिहिले आहेत, पण प्रत्यक्षात प्रकरण त्यापेक्षा पुष्कळ लांबते. मात्र तिथे ब्लो होल खरोखर होते का, किती नगांत होते, ते आपल्या ओतकामातले होते की त्यांच्या मशीनिंगनंतर दिसून आलेले, हे पुराव्यावर ठरते. कंपनीला तिथे आपला प्रतिदावाही मांडता येतो, आणि ते योग्यच आहे. नोंदणीची तारीख मात्र नीट तपासा. पुरवठ्यानंतर झालेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या पुरवठ्याला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले होते. 2025 मध्ये हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला आहे. नोंदणी नसेल, तर व्यापारी न्यायालयातील दावा उरतो, आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर त्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे.

दोन्ही मार्ग धरायचे असतील, तर क्रमाला महत्त्व आहे. संपूर्ण 1 कोटी 38 लाखांसाठी आधी परिषदेकडे गेलात आणि नंतर त्याच बिलांसाठी कलम 8 ची नोटीस काढलीत, तर कंपनी ते प्रलंबित प्रकरणच आधीचा वाद म्हणून पुढे करील. म्हणून वाद नसलेली बिले आणि विवादित बिले पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत, आणि एकाच बिलासाठी दोन ठिकाणी जाऊ नये. मुदतीचाही हिशेब ठेवा. कलम 9 च्या अर्जालाही आणि दाव्यालाही तीन वर्षांचीच मुदत आहे, ती प्रत्येक बिलाच्या देय तारखेपासून मोजावी, आणि एनसीएलटीत गेलेला काळ त्यातून वगळून मिळेलच असे गृहीत धरू नये. आपली सर्वांत जुनी बिले चौदा महिन्यांची आहेत, म्हणजे आज घाई नाही. पण फेटाळलेला एक अर्ज आणि त्यावरचे एक अपील यांत दोन वर्षे सहज जातात.

आपल्या जागी मी असतो, तर या महिन्यात नोटीस पाठवली नसती. आधी त्या दोन लॉटची संयुक्त तपासणी लेखी मागितली असती, नाकारलेले नग परत मागवले असते, आणि समजा 21 पैकी 8 लाखांचे रिजेक्शन खरे निघाले, तर तेवढ्याची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम तेवढी कमी केल्याचा आपला कागद, दिली असती. जीएसटीची दुरुस्ती हवी असल्यास ही क्रेडिट नोट पुरवठ्याचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच्या विवरणपत्रात दाखवावी लागते, याची आठवण आपल्या सीएंना करून द्या. त्यानंतर उरलेल्या रकमेचा बिलागणिक तक्ता पाठवून बाकी मान्य असल्याचे पत्र मागितले असते. अशा पत्राला 'मान्य आहे, पण रोखीची अडचण आहे' असे उत्तर आले, तर कलम 8 च्या नोटिशीसाठी याहून भक्कम कागद नाही. दर्जाबद्दल नवी, सविस्तर तक्रार आली, तर तिला त्याच आठवड्यात मुद्देसूद उत्तर द्या आणि परिषदेची तयारी सुरू करा.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. अर्ज कोणत्या खंडपीठाकडे करायचा हे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते. आपला माल चाकणच्या कारखान्यात जात असला, तरी कंपनीची नोंदणी गुरुग्रामची असेल, तर आपल्याला चंदीगड खंडपीठासमोर जावे लागेल आणि खर्चाचे गणित बदलेल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्त्याबरोबरच तिच्या मालमत्तेवर कोणत्या बँकांचा किती बोजा आहे हेही दिसते. त्यावरून कलम 53 च्या रांगेत आपल्या पुढे कोण आणि किती रकमेचे उभे आहेत याचा अंदाज येईल. ती माहिती आणि त्या दोन ई-मेलमधील नेमकी वाक्ये कळवलीत, तर नोटीस काढण्यासारखी परिस्थिती आहे की नाही, हे मला आजच्यापेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल.